बैठकीत घेतलेलं दुसरं नाव

लेकीकडे दोह्याला कायमची राहायला आल्यापासून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी मला विचारतंच, "काकू, तुम्ही इंग्लंडमध्ये मंत्र्याच्या सेक्रेटरी होतात ना? म्हणजे टायपिंग, शॉर्टहँड वगैरे?" मी हो म्हणून टाकते. खरं उत्तर द्यायला बसले तर ताटातलं सगळं गार होईल. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादिकेनं मात्र पिच्छाच पुरवला, म्हणून लिहायला बसले आहे. माणसांची नावं बदलली आहेत. एका देशाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. ते विचारू नये.

तिकडे मंत्र्याभोवती दोन प्रकारची माणसं असतात. एक सरकारी अधिकारी. ते सरकारचे, मंत्री बदलला, पक्ष बदलला तरी खुर्चीत तेच. पक्षाच्या राजकारणाला त्यांनी हात लावायचा नाही असा कडक नियम. आणि दुसरं, मंत्र्याचं स्वतःचं माणूस. तो आला की यायचं, तो गेला की त्याच दिवशी कपाट रिकामं करायचं. हे दुसरं माणूस म्हणजे राजकीय सचिव, आणि ते मी होते. मंत्र्याचा मतदारसंघ, पक्षातले हेवेदावे, नाराज खासदार, हे सगळं माझ्या अंगणात. लग्नघरात एखादी आत्या असते बघा. हातात तिच्या कसलंच काम दिसत नाही, पण कोण कशामुळे रुसलंय हे तिलाच ठाऊक असतं. तेच काम, फक्त कोटटायवाल्या माणसांत.

एक उदाहरण सांगते. आमच्याच पक्षाचा एक म्हातारा खासदार एका विधेयकाला काही केल्या मत देईना. अधिकाऱ्यांनी त्याला आकडे दाखवले, नकाशे दाखवले. तो जास्तच बिथरला. मी त्याच्या गावी गेले, चहा घेतला, आणि निघता निघता तो म्हणाला की माझी बायको गेली तेव्हा तुमच्या मंत्र्यानं साधा फोन केला नव्हता. विधेयकाचा आणि त्याच्या रागाचा काडीचाही संबंध नव्हता. मंत्र्याला मी त्याच्या दारात नेऊन उभं केलं. मत मिळालं. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं की सरकारच्या युक्तिवादाला यश आलं.

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन मिडलँड्समधल्या एका गावात गेले. नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. घरात करमेना, म्हणून पक्षाच्या स्थानिक कचेरीत फोन घ्यायला बसू लागले. तिथे कॉलिन नावाचा एक शाळामास्तर निवडणुकीला उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला, निवडून आला, आणि पुढे मंत्री झाला. त्याला लोकांची नावं लक्षात राहत नसत. मला राहत. एवढ्या भांडवलावर मी लंडनला पोहोचले. माझ्या शब्दाला वजन आहे, असं लोक म्हणायला लागले तेव्हा मला आधी गंमत वाटली. भीती नंतर वाटली, आणि ती इथे, दोह्यात.

आमच्या मतदारसंघात पॉलीन नावाची एक विधवा राहायची. शाळेच्या खानावळीत वाढपी होती. तिचा एकुलता एक मुलगा डॅनियल पाण्याच्या पंपांचा इंजिनीअर. एका धुमसत्या देशात गावांना पाणी पुरवण्याच्या कामावर तो गेला होता, आणि तिथल्या एका सशस्त्र टोळीनं त्याला पळवून नेलं. वर्ष उलटलं तरी सुटका नाही. अशा प्रकरणात सरकार घरच्यांना एकच सांगतं: बोलू नका. वर्तमानपत्रात बोभाटा झाला की माणसाची किंमत वाढते. पॉलीनला गप्प ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण अधिकाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता. ती रोज सकाळी कामाला निघण्याआधी मला फोन करायची. "वसू, काही आहे?" मी म्हणायचे, "आज काही नाही, पण डॅनियल आमच्या डोक्यात सगळ्यात आधी आहे." मग ती हवापाण्याबद्दल चार शब्द बोलायची आणि जायची. वर्षभर ती एकाही पत्रकाराशी बोलली नाही.

डॅनियलबरोबर त्या दिवशी आणखी एक माणूस पळवला गेला होता. भारतीय, पंप बसवणारा फिटर. आमच्या कागदांत त्याचा उल्लेख 'स्थानिक सहकारी' एवढाच होता. त्याचं प्रकरण भारत सरकार बघत असेल असं गृहीत होतं. मीही ते वाचून पुढे गेले होते.

कतारनं मध्यस्थी केली आणि एक दिवस निरोप आला, जमतंय. शेवटची बोलणी दोह्यात होणार होती. कॉलिन तेव्हा अशी प्रकरणं बघणाऱ्या खात्याचाच मंत्री होता, म्हणून तो निघाला. असल्या वाटाघाटींत राजकीय सचिवाचं खरं तर काही काम नसतं. पण डॅनियल आला तर पॉलीनला कळवायला, आणि नाही आला तरी कळवायला, मी हवी होते.

दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका उंच हॉटेलात आम्ही उतरलो. उन्हाळा होता. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि क्षणभर काही दिसायचं नाही. त्या दौऱ्यातलं माझं मन तसंच होतं. आमच्याबरोबर हेलन नावाची वरिष्ठ अधिकारी होती. अशा सुटकांचा तिचा अनुभव दांडगा. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं की विमान दोह्यात उतरेपर्यंत कुणी कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. सौदा तुटायला एक शब्द पुरतो.

शुक्रवारी सकाळीच खोलीत फोन वाजला. रिसेप्शनवरचा माणूस संकोचून म्हणाला की खाली कुणीतरी आलंय, तुमच्या गावचा आहे म्हणतोय, जात नाही. मला वाटलं, मंडळाचं कुणी असेल. खाली गेले तर दाराजवळ चाळिशीचा एक माणूस उभा. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, पायांत सेफ्टी शूज. त्या लॉबीतल्या सोफ्यावर बसायला तयार होईना.

"ताई, मी दत्ता वाघमोडे. सांगोल्याकडचा," तो म्हणाला. "मेसईदला वेल्डर हाय. संदीपचा थोरला भाव."

संदीप कोण, हे मला कळलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्याला ते कळलं. तो म्हणाला, "इंग्लंडच्या सायबासंगं पळवला तो."

मी त्याला हॉटेलाबाहेर सावलीत घेऊन गेले. त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं. संदीपही आधी कतारमध्येच होता. जास्त पगार मिळतो म्हणून त्या पाण्याच्या कामावर गेला. तो नाहीसा झाल्यापासून दत्ता सुट्टीच्या दिवशी या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होता. सगळे नीट बोलायचे, बघतो म्हणायचे. गावाकडे संदीपची बायको आणि लहान पोर. आईला अजून सांगितलेलंच नव्हतं. तिला वाटत होतं की पोराला फोन करायची परवानगी नाही. माझी बातमी पूर्वी एका मराठी पेपरात फोटोसकट आली होती, ती कुणीतरी त्याला दाखवली होती. ब्रिटिश मंत्री आलाय म्हटल्यावर ही बाई असणार, या हिशेबानं तो बिरकत अल अवामेरच्या मजुरांच्या कँपातून दोन बस बदलून आला होता.

मग तो हळूच म्हणाला, "इंग्लंडचा मानूस सुटनार हाय, असं आमच्या कँपात बोलत्यात."

हेलनला वाटत होतं की ही गोष्ट पाचसहा माणसांनाच ठाऊक आहे, आणि इथे ती मजुरांच्या कँपात पोहोचली होती. मी म्हटलं, "दत्ता, मला यातलं काही बोलता येत नाही. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही."

"नका बोलू. मला कायबी सांगू नका," तो म्हणाला. "फकस्त तिथं आत त्याचं नाव घ्या. वरीस झालं ताई, त्याचं नाव कुनी घेतच न्हाई."

मी काहीच कबूल केलं नाही. तो चिठ्ठीवर आपला नंबर देऊन, नमस्कार करून उन्हात बसथांब्याकडे चालत गेला.

मी वर येऊन हेलनला सगळं सांगितलं. बातमी फुटल्याचं ऐकून ती पांढरी पडली. मग मी विचारलं की आपण त्या दुसऱ्या माणसाचं नाव घेऊ शकतो का. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे समजावलं. सौदा एका माणसाचा ठरलाय. ऐन वेळी दुसरं नाव घातलं की टोळीला वाटेल, यांना आणखी हवंय तर आपणही आणखी मागू. अशी फिसकटलेली प्रकरणं तिनं स्वतः पाहिली होती. संदीपसाठी भारताचा वेगळा मार्ग चालू असेल, आपण त्यात पाय घालणं बरोबर नाही. "तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय," ती म्हणाली, "मलाही वाटतं. पण उद्या डॅनियल विमानात नसेल तर?"

तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी खोलीत परत गेले आणि पॉलीनचा फोन आला. मी कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. नेहमीसारखं तिनं विचारलं, "वसू, काही आहे?" मी नेहमीसारखं उत्तर दिलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात कतारच्या मध्यस्थांबरोबर शेवटची बैठक. गाडीत कॉलिनच्या शेजारी मी, पुढच्या गाडीत हेलन. कॉर्निशवरून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यानं, गाडी निघाली. डावीकडे समुद्र तापलेल्या पत्र्यासारखा चमकत होता. कॉलिनच्या कानावर हेलननं दोन्ही बाजू घातल्या होत्या, अगदी प्रामाणिकपणे. तो बराच वेळ बाहेर बघत होता. मग त्यानं वर्षानुवर्षं विचारत आलेला प्रश्न विचारला.

"वसू, तुला काय वाटतं?"

वाचकहो, या नोकरीचा सगळा पगार या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी असतो. आणि बहुतेक वेळा प्रश्न असा असतो की भाषण आज करू की उद्या.

मी म्हटलं, "मागणी करू नकोस. अट घालू नकोस. पण त्याचं नाव घे. डॅनियलबरोबर आणखी एक माणूस होता, तो कसा आहे, एवढंच विचार."

"तो तुझ्या भागातला नसता तर तू हे सांगितलं असतंस?"

"कदाचित नसतं," मी म्हटलं. "पण मग माझं चुकलं असतं."

"आणि यामुळे डॅनियल आला नाही, तर पॉलीनला कोण सांगणार?"

"मी."

त्यानं मान हलवली आणि नाव काय म्हणून विचारलं. त्याच्या जिभेला ते वळेना. वाग, मग मोडी, मग भलतंच काहीतरी. राजवाड्याच्या फाटकापर्यंत मी एखाद्या पोराला पाढे शिकवावेत तसं ते नाव त्याच्याकडून म्हणवून घेत होते.

आत मला प्रवेश नव्हता. बाहेरच्या दालनात मला बसवलं. एक वयस्क माणूस सुरईतून लहान कपात कॉफी ओतायचा, मी प्यायचे, तो पुन्हा ओतायचा. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो, हे मला माहीत नव्हतं आणि सुचतही नव्हतं. शेवटी त्यालाच दया आली. त्यानं स्वतःच्या हातानं कप कसा हलवायचा ते दाखवलं. मी आभार मानत शुक्रन म्हटलं. त्या दालनात मला आलेला तो एकच अरबी शब्द.

कॉलिन बाहेर आला. गाडीचं दार लागेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "नाव घेतलं. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग इन्शाल्ला म्हणाले." त्याचा अर्थ हो की नाही, हे मी विचारलं. कॉलिनला ते कळलं नव्हतं.

विमान त्या दिवशी यायचं होतं. आलं नाही.

त्या सबंध दिवसाचं काय सांगू? हेलन फोनवर होती, फोन ठेवत होती, पुन्हा लावत होती. समोर खाणं आलं, गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही बातमी नाही. लंडनहून पक्षाच्या कचेरीतून विचारणा आली की मंत्र्यांनी आणखी किती थांबायचं. कॉलिननं मला दोष दिला नाही. तो खिडकीशी उभा राहून मधेच ते नाव पुटपुटायचा, जिभेला चिकटल्यासारखं. मी मनात पॉलीनला सांगायची वाक्यं जुळवत होते. पहिलं वाक्य जुळायचं, दुसरं कधीच नाही. तिचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदाच तो उचलला नाही.

दुपारनंतर हेलन दार न वाजवता आत आली आणि म्हणाली, "विमान निघालंय."

आत किती माणसं, हे मी विचारलं. निरोपात तेवढं लिहिलेलं नव्हतं.

विमानतळाच्या एका बाजूच्या धावपट्टीवर आम्ही उभे होतो. छोटं विमान उतरलं. आधी एक कतारी अधिकारी उतरला, मग डॅनियल. दाढी वाढलेली, कपडे अंगावर लोंबत होते, पण स्वतःच्या पायांवर चालत होता. त्याच्यामागे एक डॉक्टर. मग दार बंद झालं.

मी पॉलीनला तिथूनच फोन लावला आणि तो डॅनियलच्या हातात दिला. तो बोलत असताना मी पाठ फिरवून उभी होते. मला मोठमोठ्यानं रडू येत होतं आणि त्यातलं किती कशासाठी, हे सांगता येत नव्हतं.

नंतर डॅनियलनं सांगितलं की संदीपला त्याच्याबरोबरच निघायला सांगितलं होतं. वाटेत एका मुक्कामाला गाडी थांबवली, दोघांना खाली उतरवलं, दिवसभर थांबवून ठेवलं. टोळीतल्या माणसांची आपसात वादावादी चालली होती. मग संदीपला परत नेलं आणि डॅनियलला पुढे. वाद कशावरून, ते त्याला कळलं नाही. हेलनच्या मते तो दिवस धुळीच्या वादळामुळे गेला. असेलही. माझ्या शब्दामुळे संदीप अर्ध्या वाटेपर्यंत आला, की माझ्या शब्दामुळे डॅनियल अर्ध्या वाटेतून परत जाता जाता वाचला, हे मला आजतागायत माहीत नाही. विचारायला कुणी उरलेलं नाही.

त्याच दिवशी मी दत्ताला निरोप पाठवला की नाव घेतलं आहे. एवढंच कळवलं. त्यानं उलट काही विचारलं नाही.

काही महिन्यांनी संदीप सुटला. भारत आणि कतार, दोघांनी मिळून केलं. मला ते दत्ताच्या फोनवरून कळलं. त्यानं फोन धाकट्याकडे दिला. संदीप फार कमी बोलत होता. तो म्हणाला की तिथे सगळे त्याला 'हिंदी' म्हणून हाक मारायचे. एके दिवशी एकानं अचानक अख्खं नाव घेतलं, तेही वेडंवाकडं. "तवा मला वाटलं, कुनीतरी चौकशी केलीया," तो म्हणाला. कॉलिनला मी हे सांगितलं तेव्हा तो फक्त हसला. पुढच्या निवडणुकीत तो पडला, मी कपाट रिकामं केलं, आणि आमचा तो राजकारणातला संसार संपला.

पण पॉलीनचं सांगायचं राहिलं. सुटकेनंतर वर्षभरात एका वर्तमानपत्रानं त्या बैठकीचा वृत्तांत छापला. मंत्र्यानं शेवटच्या क्षणी दुसरं नाव काढलं, अधिकाऱ्यांचा विरोध होता, हे त्यात होतं. माझा उल्लेख नव्हता. पॉलीनला उल्लेखाची गरज नव्हती. तिनं सकाळी नेहमीच्या वेळी फोन केला.

"ती तुझी कल्पना होती?"

मी हो म्हटलं.

"तू मला रोज सांगायचीस, डॅनियल सगळ्यात आधी आहे. त्या दिवशी तो आधी नव्हता."

"आधीच होता, पॉलीन," मी म्हटलं. "फक्त एकटा नव्हता."

ती म्हणाली, "माझ्यासाठी एकटाच आहे तो." तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी दोनदा केला, तिनं घेतला नाही. नाताळात डॅनियलचा दोन ओळींचा मेसेज येतो. आईची तब्येत बरी आहे, एवढं तो न विचारता लिहितो.

तिची समजूत काढायला मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले नाही. ती चूक आहे असं मला वाटत असतं तर गेले असते. मी आई आहे. माझी लेक त्या विमानात असती आणि कुणी परक्या माणसासाठी तिचा जीव टांगणीला लावला असता, तर मीही फोन घेतला नसता. आणि तरीही पुन्हा त्या गाडीत बसवलं, पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर मी तेच उत्तर देईन, असं मला वाटतं. वाटतं म्हणते, कारण खात्री नाही.

आता लेकीची गाडी कॉर्निशवरून जाते तेव्हा नात मागच्या सीटवरून इंग्रजीत विचारते की आजी, तू इथे आलीस की गप्प का होतेस. मी तिला खजुरांची झाडं दाखवते. पॉलीन माझ्यावर रागावलेली आहे, आणि तिचा मुलगा संध्याकाळी घरी येतो म्हणून तिला रागावता येतंय. तो आला नसता तर त्या रागाच्या जागी काय असतं, याचा विचार माझ्याच्यानं अजून पुरता होत नाही.